लस नातवाला, जीव आजीचा

मागच्या व्याख्यानात आपण साध्य आणि साधन यांतला भेद पाहिला. आज तोच प्रश्न घरात आणू या. पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर सांगतात, मुलाला फ्लूची लस देऊन घ्या. हे इंजेक्शन नेमकं कुणासाठी?

जपानमध्ये १९६२ साली शाळकरी मुलांना ही लस द्यायला सुरुवात झाली. १९७७ मध्ये ती सक्तीची झाली, १९८७ मध्ये पालकांना नकाराची मुभा मिळाली, १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. २००१ साली संशोधकांनी या काळातले मृत्यूंचे आकडे तपासले. त्यांचा अंदाज असा की, साधारण ४२० मुलांना लस दिली की एक मृत्यू टळत होता. आणि टळलेले मृत्यू बहुतेक वृद्धांचे! सुई नातवाच्या दंडात, जीव वाचला आजीचा.

आता इथे नैयायिक लगेच हात वर करेल: हा काकतालीय न्याय कशावरून नाही? कावळा बसला आणि फांदी मोडली. शंका रास्त आहे. कॅनडात हटेराइट पंथाच्या वस्त्यांमध्ये त्याची परीक्षा झाली. हे लोक बाहेरच्यांपासून बरेच अलग राहतात. काही वस्त्यांतल्या मुलांना फ्लूची लस दिली, काहींना काविळीची. २०१० साली निष्कर्ष आले: पहिल्या वस्त्यांत, लस न घेतलेल्यांनाही फ्लूपासून सुमारे ६० टक्के संरक्षण मिळालं.

मग कांट विचारतो, मुलाला आपण साधन केलं का? कांटच्या सूत्रात ‘केवळ’ हा शब्द आहे, तो आपण घाईत गाळतो. माणसाला केवळ साधन करू नये. मुलाची संमती आपल्याला घेता येत नाही, म्हणून त्याचं स्वतःचं हित आधी दाखवावं लागतं. ते आहे. पाच वर्षांखालच्या मुलांत फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी लस द्यावी असं सांगते. दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो. आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात; दुसरा पुष्कळदा राहून जातो, बरं का.

सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र ही लस देताच येत नाही. तिथे दंड आजीने पुढे करायचा. त्या वेळी ‘आजीला साधन केलं’ अशी तक्रार कुणी करत नाही, हेही गमतीचंच.

चला, प्रश्न घेऊ या.