अर्धा तास टकळीचा



गटाच्या बैठकीत नवीन काही शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "यातून सुटणार किती?" प्रश्न बरोबरच आहे. पापड, मसाले, गोधड्या, शिलाई हे सगळं आपण चार पैसे मिळावेत म्हणूनच शिकलो. पण या वेळी अशा एका कामाबद्दल सांगायचं आहे, ज्यात पैसे फारसे नाहीत आणि तरी ते शिकून ठेवावं. ते म्हणजे हाताने सूत कातणं. कशासाठी? तर डोकं शांत व्हावं, रात्री अंथरुणावर पडल्यावर हप्ता, मुलीची फी, सासूचं औषध हे चक्र जरा थांबावं यासाठी.

गिरणीतलं सूत

कोकणातल्या, सातारा-कोल्हापूरकडच्या आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईच्या गिरणीत होतं. चिंचपोकळी, लालबाग, परळ हा सगळा भाग सुताच्या जिवावर वाढला. म्हणून तर त्याला गिरणगाव म्हणतात. सूत काढायच्या खात्याला कामगार त्रासन खातं म्हणायचे. तिथे एकेका यंत्रावर शेकडो चात्या एकदम फिरायच्या. आवाज इतका की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे, ते नाकातोंडात जायचे आणि पुढे अनेकांना छातीचं दुखणं लागायचं. बायका जास्त करून वायंडिंग आणि रीळिंग खात्यात असायच्या. धागा तुटला की लगेच जोडायचा, कारण यंत्र कुणासाठी थांबत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कितीतरी घरांची चूल त्यानंतर पूर्वीसारखी पेटली नाही. अशा घरातल्या बाईला "सूत कातल्याने मन शांत होतं" असं सांगितलं, तर ती हसेलच. सुताने आम्हाला कधी शांती दिली, असं विचारेल.

आजाऱ्याच्या खोलीतला चरखा

त्याच मुंबईत, चिंचपोकळीपासून थोड्याच अंतरावर गावदेवीला मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. मोठ्या आजारातून उठत असताना ते मुंबईत अंथरुणाला खिळून होते. चरख्याचा शोध तेव्हा चाललाच होता. त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला आणि काही बायका तिथे कातायला शिकल्या. त्यांत आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या. या बाईंनी १९१८ मध्ये गिरगावात हिंद महिला समाज काढला होता, म्हणजे बायकांना एकत्र आणायच्या कामात त्या आपल्या पूर्वजच.

गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय की आपण बरे झालो त्यात चरख्याच्या गुणगुणण्याचा वाटा थोडाथोडका नव्हता. हा परिणाम शरीरापेक्षा मनावर जास्त झाला असेल, हेही त्यांनी मोकळेपणी मान्य केलंय.

आता बघा, कापूस तोच आणि पीळही तोच. गिरणीत माणसाला यंत्राच्या वेगाने पळावं लागायचं. मणिभवनात चाक माणसाच्या हाताच्या वेगाने फिरत होतं, दमलं की थांबत होतं. शांती मिळते ती वेग आपल्या हातात असतो म्हणून.

मन कसं थांबतं?

आपल्याला हे अगदी नवं नाही. चातुर्मासात वाती वळायला बसलेल्या बायका आठवा. गप्पा मारता मारता हळूहळू गप्प होतात, फक्त बोटं चालू असतात. धनगर बायका लोकर कातताना बघा, नजर धाग्यावर आणि चेहरा निवांत.

याचं कारण साधं आहे. कातताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाइल हातात येत नाही. नजर एका जागी राहते. एकाच तालात हात चालला की श्वासही संथ होतो. काम इतकं अवघड नाही की डोकं शिणावं आणि इतकं सोपंही नाही की मन भटकत राहावं. मन भटकलंच तर धागा जाड होतो किंवा तुटतो आणि आपल्याला परत बोलावतो. तुटलेला धागा जोडायला दोन क्षण पुरतात. दिवसभरात आपल्या हातून बिघडणाऱ्या किती गोष्टी इतक्या सहज जुळतात?

सुरुवात टकळीपासून

चरखा महाग पडतो आणि जागाही घेतो. टकळी पिशवीत मावते. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या आजींना विचारा. मूलोद्योगाच्या शाळांत तेव्हा सूतकताईचा तास असायचा, त्यामुळे कुणाला ना कुणाला नक्की येत असेल.

टकळी नसेल तर घरी करता येते. वीतभर लांब, गुळगुळीत बांबूची काडी घ्या. खालच्या टोकाच्या जरा वर करवंटीची गोल चकती घट्ट बसवा. वरच्या टोकाला धागा अडकेल अशी छोटी खाच पाडा. चकती एका बाजूला कलली तर टकळी डुगडुगते, म्हणून ती नीट मधोमध हवी.

कापूस घरचा असेल तर सरकी काढून बोटांनी चांगला मोकळा करा. कोकणात परसात देवकापूस असतो, तोही चालतो. मोकळा केलेला कापूस पातळ पसरून बारीक काडीभोवती सैलसर गुंडाळा आणि काडी ओढून घ्या. हा झाला पेळू.

१. जुन्या धाग्याचा हातभर तुकडा चकतीच्या वर बांधा आणि वरच्या खाचेत अडकवा.
२. टकळीचं खालचं टोक वाटीत टेकवा.
३. धाग्याचं मोकळं टोक पेळूच्या तंतूंवर ठेवून चिमटीत धरा. दुसऱ्या हाताने टकळी फिरवा. पीळ वर चढतो आणि तंतू धाग्याला धरतात.
४. पेळूचा हात हळूहळू वर न्या. पेळू आवळून धरू नका, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा धरा.
५. हातभर सूत निघालं की आणखी थोडा पीळ द्या, खाचेतून सोडवा आणि चकतीच्या वर गुंडाळा.

सूत सारखं तुटत असेल तर पीळ कमी पडतोय. गाठी येत असतील तर कापूस एकदम जास्त सुटतोय. पहिले आठ दिवस सूत कसंही निघेल. त्याच्या वाती करा, वाया काहीच जात नाही.

गटात कसं करायचं?

बैठक सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून कातावं आणि तेवढा वेळ वसुलीचा विषय काढू नये. घरी रोज जमेल तसा अर्धा तास ठेवावा, शक्यतो जेवणं आटोपल्यावर.

एक नियम मात्र पाळा. कुणी किती कातलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं नाही. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी असा जुना हिशेब आहे. आवड म्हणून तो जरूर मोजा, पण त्यावरून स्पर्धा नको. ज्यांना हाच धंदा करायचा आहे त्यांची गोष्ट वेगळी. कातणारणीला आठ तासांचे आठ आणे तरी मिळावेत म्हणून १९३५ मध्ये खुद्द गांधीजींना आग्रह धरावा लागला होता, इतकी तिची मजुरी कमी होती. मजुरीसाठी कातायचं असेल तर आधी दर ठरवा. हा अर्धा तास त्यात धरू नका.

घरात कुणी म्हणेलच, "रिकामी बसलीस का?" तर सांगा, "रिकामी नाही, कातत बसलेय."

थोडी काळजी

दम्याचा त्रास असेल तर कापूस मोकळा करताना तोंडाला पदर बांधा आणि ते काम अंगणात करा. मान खाली घालून फार वेळ बसू नका. आणि दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फक्त टकळीवर विसंबून राहू नका. गटातल्या मैत्रिणीला सांगा, आशाताईला सांगा, डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तिथे फोन करून मराठीत बोलता येतं. हा नंबर बैठकीच्या खोलीत मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने मूठभर कापूस आणावा. ज्या आजींना कातायला येतं, त्यांना मुद्दाम बोलावून पुढच्या रांगेत बसवावं.