किडनीच्या पेशीलाही येतं टेन्शन!

गणपती महिनाभरावर आले की पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. कच्च्या मूर्तींची रांग लागलेली, रंगकामाला हात कमी आणि फोनवर नवीन ऑर्डर! शहाणा कारखानदार अशा वेळी ऑर्डर थांबवतो, जादा कारागीर बोलावतो, भंगलेल्या मूर्ती बाजूला काढतो.

आपल्या किडनीची पेशीही अगदी असंच वागते. तिच्यातही एक कारखाना असतो, त्याचं नाव 'ईआर'. तिथे प्रथिनांना घड्या घालून आकार दिला जातो. ऑक्सिजन कमी पडला किंवा विषारी द्रव्यं आली, की अर्धवट घड्यांची प्रथिनं साचतात. मग पेशी नवं उत्पादन कमी करते आणि मदतनीस प्रथिनं वाढवते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

खरी गंमत पुढे आहे. जपानच्या यामानाशी विद्यापीठातल्या संशोधकांनी किडनीच्या गाळणीतल्या पेशींना आधी असा ताण दिला आणि मग दाह पेटवणारं रसायन सोडलं. दाह चक्क कमी भडकला! कारण दाहाचं बटण असलेलं 'एनएफ-कॅपा-बी' ताणामुळे थंड पडलं होतं.

म्हणजे ताण चांगला? थांबा! हा प्रयोग काचेच्या बशीतला. ताण लांबला, तर हीच यंत्रणा उलटते. दाह वाढतो आणि शेवटी पेशी स्वतःलाच संपवते.

मी रोह्याची. मेमूमध्ये रोज भेटणारी माझी मैत्रीण पेणची. तिचे बाबा सीझनमध्ये बारा-बारा तास वाकून रंगकाम करतात. काम थांबू नये म्हणून पाणी कमी, कंबर धरली की पेनकिलर. गेल्या वर्षी त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. "मला काय धाड भरलीय," म्हणणारे बाबा त्या दिवशी गप्प झाले.

पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. तेव्हा तिच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी रसायनंच डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अडवतात. दुहेरी मार!

आता बाबांच्या रंगाच्या डब्यांशेजारी पाण्याची बाटली असते. गोळी डॉक्टरांना विचारूनच. पेशी आपल्यासाठी ऑर्डर थांबवते. आपणही तिच्यासाठी दोन मिनिटं ब्रश खाली ठेवूया की!