लहरींची वाट

नेपाळच्या पश्चिम भागात म्याग्दी जिल्ह्यात नांगी नावाचे एक डोंगरी खेडे आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या गावाला विसाव्या शतकाच्या अखेरीसही टेलिफोन नव्हता. मोटारीचा रस्ता गाठण्यास कित्येक तास डोंगर उतरावा लागे. आजाऱ्याला शहरातील डॉक्टरकडे न्यायचे तरी हीच वाट तुडविणे प्राप्त होते. गावचे शिक्षक महावीर पुन यांनी देणगी म्हणून आलेले काही जुने संगणक शाळेत आणले आणि ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या लहान जनित्रांच्या विजेवर ते चालविले. परंतु बाहेरच्या जगाशी संबंध नसलेला संगणक म्हणजे दारे बंद असलेले ग्रंथालयच! दऱ्याखोऱ्यांतून तारा नेण्याइतका पैसा गावापाशी नव्हता. तेव्हा पुन यांनी तारेवाचून संदेश नेण्याचा मार्ग धरला.

तारेवाचून संदेश जातो, तो रेडिओलहरींच्या द्वारे. या लहरी प्रकाशाच्याच कुळातील असून त्यांचा वेगही प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. संगणकांच्या बिनतारी जाळ्यात, ज्याला वाय-फाय म्हणतात त्यात, बहुधा सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने करणाऱ्या लहरी वापरतात. अशा एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर त्यांना अडवितो आणि ओल्या पानांतील पाणी त्यांना शोषून घेते. शिवाय त्या जसजशा दूर जातात, तसतशा पसरून क्षीण होतात: अंतर दुप्पट झाले, की त्यांचा जोर एक चतुर्थांश उरतो.

या लहरी हवेत सोडण्याचे आणि हवेतून टिपण्याचे काम अँटेना करते. साध्या अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्मी किंवा पाव असली, तरी काम भागते. म्हणूनच ती एवढ्याशा यंत्रात सामावते. उघड्या दिव्याचा उजेड जसा चहूकडे पसरतो, तशा तिच्या लहरी सभोवार पसरतात. परंतु दिव्यामागे अंतर्गोल आरसा ठेवला, म्हणजे तोच उजेड एका दिशेला दूरवर पोहोचतो. बशीच्या आकाराची अँटेना हेच करते. ती नवी शक्ती निर्माण करीत नाही. इतर दिशांना वाया जाणारी शक्ती तेवढी एका दिशेला वळविते. मात्र अशा दोन बश्यांची तोंडे अचूकपणे एकमेकींकडे असावी लागतात.

एकाच ठिकाणी अनेक संगणक असले, तर त्यांच्यामध्ये ॲक्सेस पॉइंट नावाचे यंत्र बसवितात. हे जाळ्याचे प्रवेशद्वार होय. सर्व संगणक आपले संदेश त्याच्याकडे देतात आणि ते ते पुढे पाठविते. तथापि सर्वांची हवा एकच! सभेत दोघे एकदम बोलू लागले, तर कोणाचेच बोलणे कळत नाही. तसेच येथेही घडते. यास्तव प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते. दुसऱ्याचा संदेश चालू असेल, तर ते थांबते आणि तो संपल्यावरही आणखी क्षणभर वाट पाहून मगच आपला संदेश पाठविते. संदेश पोहोचल्याची पोच आली नाही, तर तो पुन्हा पाठविते. वापरणारे वाढले, की जाळे मंद होते, याचे एक मोठे कारण हेच.

हे यंत्र घरापुरते किंवा शाळेपुरते योजलेले. ते पर्वतमय प्रदेशात कसे उपयोगी पडावे? पुन यांनी स्वयंसेवकांच्या साहाय्याने दूरचित्रवाणीच्या बश्या उंच झाडांवर बांधल्या आणि प्रथम नांगी व शेजारचे रामचे ही दोन गावे जोडली. पुढे शिखरांवर पुनःप्रक्षेपण केंद्रे उभारली. पूर्वी डाकेचा हरकारा आपली थैली पुढच्या हरकाऱ्याच्या हाती देई. त्याप्रमाणे एक शिखर आपल्याकडे आलेला संदेश दुसऱ्या शिखराला देऊ लागले. ज्या डोंगरांनी लहरींची वाट अडविली होती, त्यांचेच माथे त्यांचे टप्पे झाले. अशा रीतीने पोखरा शहराशी सांधा जुळून २००३ साली नांगी जगाच्या जाळ्यात आले.

त्यानंतर एका गावच्या शिक्षकाला दुसऱ्या गावच्या मुलांना शिकविता येऊ लागले आणि खेड्यातील आरोग्यसेविकेला पोखऱ्याच्या डॉक्टरांचा सल्ला जागच्या जागी मिळू लागला. या कार्याबद्दल २००७ साली महावीर पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. त्यांच्यापाशी द्रव्य थोडे होते आणि साधनेही जुनीपुराणी होती. परंतु लहर कोठे अडते आणि कोठून जाऊ शकते, हे त्यांनी नीट समजून घेतले. म्हणून जे काम तारांना साधले नसते, ते झाडावर बांधलेल्या बश्यांनी साधले.