जुन्या जीपगाडीचे ब्रेकपॅड व त्यांचा खर्च

आमच्या फुलंब्री तालुक्यात बोलेरो, सुमो व स्कॉर्पिओ या उंच बांध्याच्या गाड्या शेतकरी मंडळींच्या विशेष आवडीच्या आहेत. सुमो १९९४ साली बाजारात आली व २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. बोलेरो २००० साली, तर स्कॉर्पिओ २००२ साली निघाली. अर्थात वाड्यापुढे उभ्या असलेल्या पुष्कळ गाड्या आता दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. अशा गाडीचे ब्रेकपॅड बदलण्यास एका ठिकाणी दोन हजार, तर दुसऱ्या ठिकाणी दहा हजार रुपये का मागतात, असे आम्हांस वारंवार विचारण्यात येते. नोकरीत असता आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले; त्याच सवयीने हाही हिशेब येथे उलगडून दाखवितो.

या गाड्यांच्या पुढील चाकांस डिस्क व मागील चाकांस ड्रम, अशी साधारण योजना असते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. पायाने ब्रेक दाबला असता नळीतील ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील दट्ट्यावर पडतो व दोन पॅड त्या तबकडीस दोहों बाजूंनी आवळून धरतात. घर्षणाने वेग कमी होतो व त्याची उष्णता बनते. यात झिजावयाचे ते पॅडनेच, अशी मूळ योजना आहे. नांगराचा फाळ झिजतो म्हणून कोणी कुरकुर करीत नाही. परंतु तो वेळेवर बदलला नाही, तर झीज नांगराच्या अंगास लागते. येथेही तसेच आहे.

नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारणतः १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावे. पुष्कळ पॅडांस एक लहान पत्री लावलेली असते. थर संपत आला म्हणजे ती डिस्कला लागून किरकिर आवाज करते. हा आवाज ऐकूनही महिना-दोन महिने गाडी हाकली, तर थर संपून मागील लोखंडी पट्टी डिस्कवर घासू लागते व डिस्कवर चऱ्या पडतात.

दोन हजार व दहा हजार यांतील अंतर येथेच आहे. दोन्ही पुढील चाकांचे मिळून चार पॅड एका संचात येतात. गाडीचा नमुना व माल बनविणारी कंपनी यांप्रमाणे त्याची किंमत मोघम हजार-दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत पडते. मजुरी रस्त्यावरील मिस्त्रीकडे काही शे रुपये व कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याहून अधिक. डिस्कची जोडी मात्र संचाच्या दुपटी-तिपटीने महाग असते. शिवाय चिखलमातीने कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असल्यास एकच पॅड आधी झिजतो. तेव्हा पिना साफ करून योग्य ग्रीस लावल्याविना नुसते नवे पॅड घालणे व्यर्थ होय.

तथापि मिस्त्रीने डिस्क बदलावयास सांगितले म्हणजे लगेच मान डोलवावी, असेही नाही. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजून दाखविण्यास सांगावे. जुने सामान परत मागावे. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावे, अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका अंगास ओढते. पक्के बिल अवश्य घ्यावे. मोटारीच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे जुन्या बिलाशी भाव ताडून पाहताना ध्यानात असावे.

पॅड झिजत जातात तसे टाकीतील ब्रेक ऑइल खाली उतरते. कित्येक जण पॅड न पाहता त्यात भर घालून मोकळे होतात. त्याने झीज झाकली जाते व पुढे नवे पॅड बसविताना ते ऑइल बाहेर सांडते. हे ऑइल हवेतील ओल शोषते व ओल शिरलेले ऑइल उताराच्या उष्णतेने उकळून ब्रेक पोकळ होतो. यास्तव दोन वर्षांनी ते बदलावे. हा खर्च फार नाही.

शहरास जाता-येता आपल्या मार्गावर चौक्याचा घाट लागतो. अद्रकाची अगर मक्याची पोती भरून, वर माणसे बसवून, डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ब्रेकला जोर देणारे निर्वाताचे यंत्र इंजिनावरच चालते. ते बंद झाले की दोन-तीन वेळा दाबल्यानंतर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. मग पॅड नवे असले तरी गाडी आवरत नाही. इंजिन चालू ठेवून खालच्या गिअरमध्ये उतरावे. पॅडही त्यानेच अधिक टिकतात.

नवे पॅड बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वी ब्रेक घट्ट लागेपर्यंत पाच-सात वेळा दाबून घ्यावा, कारण मागे सारलेला दट्ट्या जागेवर येईतो पहिला दाब फुकट जातो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर एकाएकी जोराचा ब्रेक शक्यतो लावू नये व तोवर भरलेली गाडी घाटात नेऊ नये.