वजन आठ वेळा उचलावे की पंधरा वेळा?



बडोद्याच्या मराठी घरांना व्यायाम नवा नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न प्रा. माणिकराव ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता घरातील मुले-मुली जिमला जातात आणि आपल्या वयाचेही बरेच जण डॉक्टरांच्या सल्ल्याने जाऊ लागले आहेत. तेथे पहिला गोंधळ आकड्यांचा होतो. एक प्रशिक्षक म्हणतो, बारा वेळा उचला. दुसरा म्हणतो, पाचच वेळा, पण जड. तिसरा म्हणतो, काका, तुम्ही हलके घ्या आणि पंचवीस करा. मी डॉक्टर नाही की प्रशिक्षक नाही. निवृत्तीनंतर जिमला जाऊ लागलो, तेव्हा वाचून, विचारून आणि करून जे समजले ते येथे मांडतो.

आधी शब्द समजून घेऊ

वजन एकदा उचलून खाली ठेवले की एक रेप, म्हणजे एक आवर्तन. न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक सेट. दोन सेटमध्ये विश्रांती असते.

तीन सेट आणि दहा आवर्तने हा जिममधला नेहमीचा हिशेब जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस डीलॉर्म हे लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांकडून वजनाचा व्यायाम करून घेत. पुढे त्यांनी पद्धत ठरवली ती अशी: जे वजन कसेबसे १० वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्या वजनाने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. ताकद वाढली की वजनही वाढवायचे.

स्नायू नेमके कशाने वाढतात?

पूर्वी सरळ वाटणी सांगत: १ ते ५ आवर्तने ताकदीसाठी, ६ ते १२ स्नायू वाढवण्यासाठी आणि १५ च्या पुढे दमासाठी. ताकदीबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. जड वजन उचलायचे असेल तर जड वजनाचाच सराव हवा. स्नायूंच्या वाढीचे मात्र तसे नाही. अलीकडच्या अभ्यासांतून दिसते की साधारण ५ पासून ३० आवर्तनांपर्यंत स्नायू जवळपास सारखेच वाढतात. अट एकच: सेट संपताना स्नायू खरोखर दमलेला हवा, आणखी दोन-तीनच आवर्तने जमली असती इतका. पंचवीस आवर्तने गप्पा मारत केली आणि आणखी वीस सहज जमली असती, तर स्नायू वाढण्यासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही.

मग आकडा ठरवायचाच कशाला? कारण सांधे, दम आणि वेळ यांचा विचार करावा लागतो. पाच आवर्तनांच्या जड सेटमध्ये गुडघे, खांदे, कंबर यांवर भार येतो आणि विश्रांतीही जास्त लागते. तीस आवर्तनांत स्नायूंची आग होते, श्वास फुलतो आणि कंटाळाही येतो. ८ ते १५ हा पट्टा बहुतेकांना झेपतो, म्हणून तोच मुख्य ठेवावा.

बारा आठवड्यांची आखणी

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून:

- आठवडे १ ते ४: १२ ते १५ आवर्तने, २ सेट. शेवटी तीन आवर्तने शिल्लक राहतील असे वजन. पद्धत बसवणे हा हेतू.
- आठवडे ५ ते ८: ८ ते १२ आवर्तने, ३ सेट. दोन शिल्लक.
- आठवडे ९ ते ११: पाय, छाती, पाठ यांच्या मोठ्या व्यायामांत ६ ते ८ आवर्तने, ३ सेट. दंड, खांदे यांचे छोटे व्यायाम १० ते १५ वरच. सांधे दुखत असतील तर ही पायरी सोडून ८ ते १२ वरच राहावे.
- आठवडा १२: तेच व्यायाम, सेट निम्मे, वजन हलके. शरीराला सावरू द्यायचे.

त्यानंतर पुन्हा पहिल्या पायरीपासून, पण आधीपेक्षा थोड्या जास्त वजनाने.

वजन कधी वाढवावे?

समजा २० किलोने ८ ते १२ चा पट्टा धरला आहे. पहिल्या दिवशी ९, ८, ८ झाली. हळूहळू एकेक वाढवत तिन्ही सेटमध्ये १२ झाली की २२.५ किलो घ्यावे. आवर्तने पुन्हा ८-९ वर येतील, ते अपेक्षितच आहे. तारीख, वजन आणि आवर्तने एका वहीत लिहून ठेवावीत. पासबुकात नोंद नसेल तर शिल्लक अंदाजानेच सांगावी लागते, तसेच हे आहे.

आपल्या वयात हे का करावे?

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, तोल गेला तर सावरणे हे सारे स्नायूंवर अवलंबून आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या व्यक्तींनी आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पासष्टीला सुरुवात करणे उशिराचे नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते.

घरी करायचे असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर काढणे, यांनाही हाच हिशेब लागू आहे. पंधरा सहज होऊ लागली की खुर्ची थोडी ठेंगणी घ्यावी, भिंतीऐवजी पक्क्या ओट्यावर हात ठेवावेत.

सांभाळायच्या गोष्टी

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. उचलताना श्वास सोडावा, रोखून धरू नये. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे. जेवणात डाळी, दूध-दही, पनीर आणि चालत असल्यास अंडी पुरेशी हवीत. नुसत्या वरण-भातावर प्रथिने कमी पडतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिने मनाने वाढवू नयेत.

घरातील तरुणांनाही हा लेख जरूर वाचायला द्यावा. किती वजन उचलले हे ते आवडीने सांगतात. सेट संपताना किती आवर्तने शिल्लक होती, हेही त्यांना विचारावे.