बटर फ्रूटला फळ का धरत नाही?

बेळगावच्या बाजारात ज्याला बटर फ्रूट आणि कानडीत बेण्णे हण्णू म्हणतात, ते अॅव्होकाडोचे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. कूर्ग, वायनाड, निलगिरी ह्या भागांत ते चांगले रुळले आहे. आपल्याकडेही फळ खाऊन झाल्यावर बी परड्यात पुरण्याची हौस पुष्कळांना असते. झाड वाढते, मोहर भरभरून येतो, आणि फळ मात्र एकही राहत नाही. मग दोनचार हंगाम वाट पाहून घरधनी कुऱ्हाड शोधू लागतात. ती उचलण्यापूर्वी ह्या झाडाची एक विलक्षण खोड समजून घ्यावी.

ह्याचे प्रत्येक फूल दोनदा उमलते. पहिल्यांदा मादी म्हणून, नंतर नर म्हणून. जातींचे दोन गट आहेत. ‘अ’ गटाचे फूल सकाळी मादी होऊन उमलते, दुपारपर्यंत मिटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन उघडते. ‘ब’ गटाचे फूल दुपारी मादी असते व दुसऱ्या दिवशी सकाळी पराग देते. अर्थात एका झाडावर मादी फुले उघडी असतात त्या वेळी त्याच झाडावर पराग बहुधा नसतो. थंड हवेने हे वेळापत्रक विसकटते व एकटे झाडही कधी फळते. पण त्यावर भिस्त ठेवू नये. हास, रीड, पिंकर्टन ह्या जाती ‘अ’ गटातील; फ्युएर्ते, बेकन, एटिंजर ‘ब’ गटातील. परडे लहान असेल तर शेजाऱ्याशी बोलून एकाने एक, दुसऱ्याने दुसरा गट लावावा. मधमाशीला कुंपणाची अडचण नसते. नाहीतर असलेल्या झाडाच्याच एका फांदीवर दुसऱ्या गटाचे कलम बांधून घ्यावे. मोहराच्या दिवसांत कीटकनाशक फवारले, तर मधमाश्याच मरतात. हजार फुलांमागे एक फळ टिकले तरी पीक उत्तम समजावे.

बियांपासून केलेले झाड आईसारखेच निपजेल असे नाही, आणि फळायला पाचसात वर्षे सहज घेते. कलम तीनचार वर्षांत धरते.

दुसरा शत्रू साचलेले पाणी. आपल्या पावसाळ्यात तर हे विशेष सांभाळावे. मुळे उथळ असतात. पाणी तुंबले की बुरशी लागून ती कुजतात. म्हणून दीडदोन फूट उंचीचा उतरता वरंबा करून त्यावर रोप लावावे. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा, तेथे कुदळ मात्र चालवू नये. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या टपालवाल्याने बी लावून वाढविलेले रोप कलम धरेना, म्हणून तो ते तोडून टाकणार होता. ते राहिले, 1935 साली त्याचे पेटंट झाले, आणि जगभरच्या हास जातीचे ते मूळ झाड ठरले. तेही अखेर मूळकुजीनेच गेले, 2002 साली.

फळ झाडावर मऊ पडत नाही. एक तोडून तांदळाच्या डब्यात ठेवावे. आठदहा दिवसांत न सुरकुतता मऊ झाले, तर बाकीची उतरवावीत. छाटलेला पाला मात्र शेळीपुढे टाकू नये. तो तिला विषारी ठरतो, आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला हे फळही देऊ नये.