धुक्यातून माघारी

पौषातील थंडी खानापूरच्या रानात कशी उतरते, हे बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना सांगावयास नको. जे आता दूरच्या गावी स्थायिक झाले आहेत, त्यांना आठवण म्हणून सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील गावांत पहाटे कधी कधी असे धुके दाटते की, गोठ्यातून घर दिसत नाही. याच दिवसांत उभ्या उसात रानडुकरे शिरतात. आणि पूर्वी शेकोटीभोवती एक प्रश्न हमखास निघे : आज शिकारीला जायचे की नाही?

शिकारीच्या गोष्टींत बाराचे वर्णन फार असते. जावे की न जावे, या विचाराचे क्वचितच. वास्तविक जाणत्या शिकाऱ्याची परीक्षा तेथेच होई. रात्री व पहाटे गार हवा डोंगरउतारावरून खाली वाहते, ऊन चढले की वर सरकू लागते. माणसाचा वास जनावराकडे केव्हा जाईल, हे आधी ताडावे लागे. ठासणीच्या बंदुकीतील दारू दवाने ओलावली तर बार उशिरा उडतो, अथवा उडतच नाही. तेवढ्यात नेम हलला की जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर धुक्यात शोधणे म्हणजे आपण होऊन त्याच्या सुळ्यांवर चालून जाणे. आणि न शोधता परतणे म्हणजे त्याला तडफडत ठेवणे.

आम्ही शाळकरी असताना, १९८० नंतरच्या एका हिवाळ्यात, असा प्रसंग पाहिला. आमच्या मामांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. डुकरांनी फडात धुमाकूळ घातला होता, म्हणून चारपाच जण पहाटे निघाले. आम्हीही घोंगडे पांघरून मागे चाललो. बांधाजवळ पोहोचलो तो धुक्यात काहीतरी काळे, बुटके हलले. पाचोळा वाजला. सोबतचा एक जण कुजबुजला, “मामा, टाका बार!” मामांनी बंदूक खांद्याला लावली, क्षणभर पाहिले, मग खाली घेतली. केप काढून खिशात टाकली आणि म्हणाले, “माघारी चला. जे दिसत न्हाई, त्याच्यावर बार टाकायचा न्हाई.”

मंडळी नाराज झाली. कुणी थट्टाही केली. इतक्यात ती काळी आकृती उभी राहिली. डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतलेली एक म्हातारी जळणाची मोळी उचलत होती. मामा बांधावरच बसले. बराच वेळ कुणी बोलले नाही.

आज वाटते, तेथे म्हातारी नसती, खरेच डुक्कर असते, तरी मामांचा निर्णय तितकाच योग्य ठरला असता. त्याची किंमतही त्यांनी मोजली : फडाचा रानाकडचा पट्टा त्या वर्षी डुकरांनी आडवा केला.

जेथे शिकार आजही कायदेशीर आहे, तेथेही हाच विचार नियमांत उतरला आहे. नॉर्वेसारख्या थंड देशात हरणवर्गातील मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असणे बंधनकारक आहे. जखमी जनावर वाऱ्यावर सोडायचे नाही, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोठ्या शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. निपाणीपासून फार दूर नसलेले दाजीपूरचे रान एकेकाळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते अभयारण्य झाले. खानापूर तालुक्यातील भीमगडही २०११ पासून अभयारण्य आहे.

शिकार संपली, शेतकऱ्याचे नुकसान मात्र संपलेले नाही. रात्रभर राबून वाढविलेला ऊस सकाळी लोळलेला दिसला की काय वाटते, हे आम्ही जाणतो. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे खेपा घालणे कंटाळवाणे असते, हेही खरे. पण त्या त्रासापायी कुणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो, तर कुणी आमिषात गावठी बॉम्ब ठेवतो. तारेला डोळे नसतात. समोर डुक्कर आहे, गाय आहे की जळणाला निघालेली म्हातारी, हे ती पाहत नाही; आणि ऐन वेळी केप काढून खिशात टाकणारा कुणी तिच्यापाशी उभा नसतो.

आमच्या शाळेतील कितीतरी मुले हिवाळ्यात धुक्यातून, उसाच्या कडेकडेने चालत येतात. सकाळच्या प्रार्थनेला ती रांगेत उभी राहिली की आम्ही मनातल्या मनात मोजून घेतो.